हरणीच्या गळ्यातला आठ

९ ऑक्टो., गुरुवार
दहावी पाटी आज रंगवून झाली. गोठ्यातल्या दहाही गाईंच्या दावणीवर आता पाटी आहे. पत्रा पांढरा, आकडे निळे, १ ते १०. सुनीलभाऊ म्हणत होते इंग्रजी आकडे टाक, कारण गळ्यातल्या पट्ट्यांवर कंपनीने इंग्रजीच छापलेत. मी म्हटलं, गोठा एरंडोलचा, पाट्या मराठीतच शोभतील. मालक असून ऐकलं त्यांनी. ५ दोनदा पुसून काढावा लागला. ४ सगळ्यात सुबक आला.
भिला आबा खाली उभे राहून बघत होते. भाऊंच्या वडिलांच्या काळापासून गाई तेच सांभाळतात.
"गाय वाचस का रे पाटी?"
"गाय नाही आबा, पाहुणे वाचतील."
"मंग पाहुणासलेच बांध दावणले."

१२ ऑक्टो., रविवार
पट्टे बसवून महिना झाला. रोज स. ६ आणि सं. ६ ला फोनवर बघून वहीत नोंद करतो. गाय किती वेळ रवंथ करते, किती वेळ बसते, किती चालते, सगळं पट्टा मोजतो. ठीक असेल तर हिरवं, नसेल तर लाल. समोर ‘कल्याण’ म्हणून एक आकडा येतो, म्हणजे गाय किती सुखात आहे.
दुधाची गाडी घेऊन येणाऱ्या युनूसभाईंना याची फार मजा वाटते. आज फाटकातूनच ओरडले, "पंकज, कल्याण का क्या खुला आज?" मटक्याचा आकडा विचारावा तसं. आबा हसून हसून खाली बसले. मलाही हसू आलं, पण वहीत रेघ वाकडी गेली.
कंपनीच्या पुस्तिकेत चार ठिकाणी ‘रवंत’ छापलंय. पेनाने ‘थ’ केला. अकरावी अर्धवट सोडलेल्याने कंपनीच्या चुका काढू नयेत हे कळतं. पण चूक दिसली की चैन पडत नाही.

१५ ऑक्टो., बुधवार
कडब्याची नवी गाडी आली. या वेळी पेंढ्या सुतळीऐवजी तारेने बांधलेल्या. तारा सोडून सोडून हात सोलले. कुट्टी मशिनात टाकण्याआधी प्रत्येक पेंढी बघा असं भाऊंनी सगळ्यांना सांगितलं.

१७ ऑक्टो., शुक्रवार. वसुबारस
अक्कांनी (भाऊंची आई) सकाळीच बजावलं. पूजेच्या वेळी गाईच्या गळ्यात ते काळं डबडं नको, फुलांची माळ हवी. पूजा वासरांसह असलेल्या गाईंची, म्हणजे चारच. २, ३, ४, ८. त्यांचे पट्टे मी काढले, पुसले, खुंटीवर टांगले. आबांनी चौघींना धुतलं, शिंगांना गेरू लावला. ४ म्हणजे त्यांची हरणी. तिच्या कपाळावर हळदीचं बोट जरा जास्तच वेळ फिरलं.
पूजा झाल्यावर भाऊंनी मला फोटो काढायला बाहेर बोलावलं, पाठवायचे होते त्यांना कुणाकुणाला. जाताना आबांना सांगितलं, "तेवढे चार पट्टे घाला. पाटीवर आहे तसाच आकडा पट्ट्यावर बघायचा आणि घालायचा. सोपं आहे."
परत आलो तर चारही गाईंच्या गळ्यात पट्टे. बकल तपासले, घट्ट होते.

१८ ऑक्टो., शनिवार
फोनवर ४ आणि ८ च्या रेघा नेहमीपेक्षा थोड्या वेगळ्या. वहीत लिहिलं: सणाचा गोंधळ, आंघोळ, माणसांची गर्दी. बाकी सर्व हिरवं.

२० ऑक्टो., सोमवार
स. ६. ८ लाल. रवंथ एकदम खाली. ८ म्हणजे बुजरी. जाऊन पाहिलं, उभी होती, खात होती. पण फोनवर लाल म्हणजे लाल. गुरांचे डॉ. सणासाठी गावी गेलेत. फोनवरच्या रेघेचा फोटो पाठवला. त्यांनी पचनाची पावडर सांगितली, दोन दिवस द्या आणि कळवा. दिली.
दुपारी आबांनी हाक मारली. हरणीजवळ उभे होते. "पंकज, हाई खाई नई ऱ्हायनी. देख, पाठ कशी कमान करेल शे. कान थंडा शेतस."
मी फोन दाखवला. "आबा, ४ हिरवी आहे. काल रात्रीसुद्धा छान रवंथ केलाय तिने."
"तुना फोनले हिरवं दखास. माले ती दखास."
युनूसभाई कॅन चढवत होते. त्यांच्यासमोर आबा मला शिकवताहेत असं वाटलं. मी म्हटलं, "आबा, मशीन अंदाजाने बोलत नाही."
 आबा हरणीच्या पाठीवर गोणपाट टाकून गेले.

२१ ऑक्टो., मंगळवार. लक्ष्मीपूजन
८ लाल. पावडर चालू. बुजरी तोंड फिरवते, दोघांनी धरून पाजली.
४ चं दूध निम्म्यावर आलं. नोंदीत कारण लिहिलं: वासरू जास्त पीत असावं.
आबा: "वासरू भुक्याच शे रे."
मी ते लिहिलं नाही.

२२ ऑक्टो., बुधवार
८ अजून खाली. पण बुजरी तर… समोर उभी आहे, चघळते आहे. मला वाटलं मीच नीट बघत नाही. डोळ्यांचा काय भरवसा. डॉ. ना पुन्हा फोटो. म्हणाले उद्यापर्यंत बघू, आलोच.
आबा आज भाऊंकडे गेले होते, हरणीबद्दल सांगायला. भाऊंनी मला विचारलं, "काय रे, चार?" मी फोन पुढे केला. हिरवं. कल्याण चांगलं. भाऊ म्हणाले, "आबा, वय झालं तुमचं. आराम करा थोडा सणाचा."

२३ ऑक्टो., गुरुवार. भाऊबीज
धुळ्याला ताईकडे गेलो नाही. ८ लाल असताना जाणं बरं दिसलं नाही. ताई फोनवर रागावली, "गाई ओवाळणार का तुला?"
सं. हरणी खाली बसली. बसताना कण्हली. तो आवाज मी आधी ऐकला नव्हता. आबा तिथेच होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

२४ ऑक्टो., शुक्रवार
डॉ. आले. आधी ८ कडे नेलं मी. त्यांनी बुजरी तपासली. पोटाला कान लावला, डोळे, ताप, सगळं. म्हणाले, "हिला काय झालंय? काही नाही." मग त्यांची नजर हरणीवर गेली. तिच्या गळ्याखाली पाणी उतरून पिशवी झाली होती. डॉ. नी खांद्यामागे मूठ दाबली तशी ती कण्हली.
"तार गेलीय पोटात. छातीकडे सरकलीय. कधीपासून आहे असं?"
भाऊ म्हणाले, "हिरवी होती हो. आजपर्यंत हिरवी."
डॉ.: "चार दिवस आधी कळलं असतं तर पोटात चुंबक टाकून तार अडवून पाहिली असती, फाडून काढता आलं असतं. आता…"
आबा दोन पावलांवर होते. मी वाट पाहत होतो की ते म्हणतील, मी सोमवारी सांगितलं होतं. ते तसं म्हणाले नाहीत.

२५ ऑक्टो., शनिवार
हरणी सकाळी गेली.
डॉ. नी पोट फाडून दाखवलं. कडब्याची तार. करंगळीएवढी. टोक हृदयाच्या पडद्यात.
पट्टा काढायचं काम माझं. बकल उघडलं, रुमालाने पुसला, उलटा केला. त्यावर 8.
वर पाटी. ४. माझ्या हातची, निळी, सगळ्यात सुबक.
पट्टा पाटीच्या जवळ धरून पाहिला. 8. ४. पुन्हा पाहिलं. वरचं तोंड सोडलं तर एकच. मी सांगितलं होतं तसाच आकडा बघा. त्यांनी तसाच बघितला. 8 या ४ ला गेला, मग उरला तो 4 बुजरीच्या ८ ला.
बुजरीकडे गेलो. तिच्या गळ्यात 4.
कोणी बघत नव्हतं. मी पट्टे बदलून टाकले, तिला 8 घातला. का बदलले?

सं. फोनवर 8 ची सोमवारपासूनची रेघ काढली. रोज थोडी खाली, रोज थोडी खाली, आज सकाळी सपाट. हरणी पाच दिवस मला सांगत होती. मी ते वाचून बुजरीला पावडर पाजली.

२६ ऑक्टो., रविवार
वासराला बाटलीने पाजलं. आबांनीच पाजलं. मी वासरू धरलं.

२७ ऑक्टो., सोमवार
कंपनीचा माणूस धुळ्याहून आला. भाऊंनी बोलावला, रागात. मशीन फसवं आहे म्हणून. त्याने लॅपटॉपवर रेघा पाहिल्या आणि दहा मिनिटांत म्हणाला, "भाऊ, मशीन बरोबर आहे. वसुबारसला पट्टे बदललेत. दोन गाईंचे."
भाऊ: "त्या दिवशी पट्टे कोणी घातले?"
आबा: "मी."
"आकडे वाचता येत नाहीत तर हात कशाला लावला, आबा? विचारायचं ना याला! हा होता ना!"
आबांनी मान खाली घातली. मी भाऊंच्या शेजारी वही घेऊन उभा होतो. वहीत २० तारखेच्या पानावर ४ समोर माझ्या अक्षरात ‘ठीक’ असं लिहिलंय.
मला कोणी काही विचारलं नाही.

कंपनीचा माणूस जाताना पाट्या पाहून म्हणाला, "अक्षर छान आहे कोणाचं?"

२८ ऑक्टो., मंगळवार
भाऊंनी आबांना सांगितलं, आता घरी बसा, लेकीकडे धुळ्याला राहा, खूप केलं तुम्ही. आवाज चांगला होता भाऊंचा. त्याने जास्त वाईट वाटलं.
दुपारी आबा माझ्याकडे आले. चपलेने माती सारखी केली. "तो चार कोणता व्हता रे? माले एकदा दखाड."
मी काडीने मातीत काढला. 4.
"आणि आठ?"
8.
आबांनी 8 वर बोट ठेवलं. "हाऊ आठ? मी याले चार म्हणं. माले गुरुजीनी दुसरीमा असाच शिकाडा, चार असा." मग त्यांनी स्वतः बोटाने शेजारी काढला. ४. हळू, पण बरोबर. "तुनी पाटीवर बी असाच शे. मंग मी बरोबरच वाचं ना?"
हो म्हणायचं होतं. एक अक्षर.
मी म्हटलं, "आबा, इंग्रजी होता तो."
"हां. इंग्रजी." त्यांनी तळव्याने तिन्ही आकडे पुसले.

२९ ऑक्टो., बुधवार
आबा गेले. कपड्यांची पिशवी आणि गेरूचा डबा. युनूसभाईंनी गाडीतून एरंडोल स्टँडपर्यंत सोडलं. निघताना बुजरीजवळ थांबले, तिच्या गळ्यातला पट्टा हातात धरून वाचला. वाचून झाल्यावर माझ्याकडे बघून म्हणाले, "आठ."
वासरू दिवसभर ओरडलं.

३० ऑक्टो., गुरुवार
युनूसभाई कॅन चढवताना म्हणाले, "आबाने तुझे बोला था ना? वो दिन मैं इधरच था."
मी पुढचा कॅन उचलून दिला.
"मैं नहीं बोलूंगा भाऊ को. वो तेरा काम है." मग मराठीत म्हणाले, जणू मला हिंदी कळणार नाही, "तुझं काम आहे ते, पंकज."
आज त्यांनी कल्याणचं विचारलं नाही.

१ नोव्हें., शनिवार
कारणांची यादी केली, गप्प राहण्याची.
एक, तार माझी नाही.
दोन, पट्टे मी घातले नाहीत.
तीन, आबांचं वय झालं होतंच.
चार, आता सांगून हरणी
चौथं पूर्ण केलं नाही. पान फाडलं. या वहीतलं मी याआधी कधी पान फाडलेलं नाही.

५ नोव्हें., बुधवार
जळगावहून पाहुणे आले होते, आधुनिक गोठा बघायला. आठ-दहा जण. भाऊंनी मला पुढे केलं. मी पट्टे, फोन, वही सगळं दाखवलं. ९ गाई, ९ हिरव्या. एक बाई पाट्यांचे फोटो काढत होत्या. म्हणाल्या, "मराठी आकडे! किती छान वाटतं." ४ ची पाटी रिकाम्या दावणीवर अजून आहे. त्यांनी विचारलं, "ही गाय कुठे?" भाऊ म्हणाले, "गेली हो. पट्ट्यांची अदलाबदल झाली, जुना माणूस होता, अंगठाछाप."
आबा अंगठाछाप नाहीत. दुसरी शिकलेत. ४ त्यांना माझ्याइतकाच नीट काढता येतो.
पाहुणे हसले. मी पण थोडा हसलो. हे लिहायलाच हवं म्हणून लिहितो.

६ नोव्हें., गुरुवार
भाऊ म्हणाले, सोमवारी तुला जळगावला नेतो, पट्ट्यांचं प्रशिक्षण आहे दोन दिवसांचं. "इथून पुढे गोठ्याचं सगळं तू बघ." गाईंसाठी नवा माणूस सोमवारपासूनच येणार आहे.
नवा माणूस आला की आबांची जागा भरली. मग सांगूनही ते परत येणार नाहीत. म्हणजे सोमवारच्या आत सांगायला हवं.
आज बुजरी कुट्टी खाता खाता थांबली. मी धावत गेलो. ती फक्त थांबली होती. तरी तिच्या खांद्यामागे मूठ दाबून पाहिली, डॉ. नी दाबली तशी. तिने वळून बघितलं.
फोनवर हिरवी होती. तरी तिथे बराच वेळ उभा राहिलो.

९ नोव्हें., रविवार
धुळ्याला गेलो. ताईला सांगितलं भाऊबीज उरकायला आलो. तिने ओवाळलं, जेवू घातलं. मग देवपूरला आबांच्या लेकीचं घर शोधलं. अंगणात खाटेवर बसले होते. दाढी वाढलेली.
लेक, सुमनताई, म्हणाल्या, "खातस काय, दोन घास. इचारं त सांगतस, मना हातखाल गाय मरी गयी. आते तुम्हीच समजाडा."
मी आबांच्या समोर खाली बसलो. बसमध्ये सगळं पाठ केलं होतं. तोंडातून एवढंच आलं, "आबा, तुम्ही बरोबर वाचलं होतं. मी सांगितलं तसंच वाचलं. चूक पाटीची होती. पाटी माझी."
आबांनी खाटेवरून पाय खाली घेतले.
"आणि हरणीचं तुम्ही सोमवारी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. भाऊंनी बुधवारी विचारलं तेव्हाही मी…"
सुमनताई आत निघून गेल्या. भांड्यांचा आवाज आला.
आबा म्हणाले, "हाई माले काबर सांगस? माले ठाऊक शे." मग म्हणाले, "भाऊले ठाऊक नई."
मी म्हटलं, सांगतो.
"वासरू पेस का?"
"पितं. पण माझ्या हातून कमी."
"बाटली वाकडी धर. तिरपी. नाक वर नको करू त्यानं." हाताने दाखवलं. हवेत, रिकाम्या बोटांनी, बराच वेळ.
येतो म्हणालो तर म्हणाले, "तू सांगं, की मी येस. तवलोंग नई."
बसमध्ये पारोळ्यापर्यंत जागा मिळाली नाही, उभाच होतो. बरं वाटलं उभं राहायला.

सं. गोठ्यावर परत. वासराला तिरपी धरून पाजली. निम्मी बाटली प्यायलं.
भाऊंचा फोन आला. उद्या स. ७ ला गाडी घेऊन येतो, तयार राहा. नवा माणूस आठला येईल, अक्का त्याला दावण दाखवतील. जळगावपर्यंत पाऊण तास. गाडीत आम्ही दोघंच.
पहिलं वाक्य ठरवलंय: "भाऊ, आबांनी वीस तारखेलाच सांगितलं होतं, मला."
दुसरं वाक्य ‘मी’ने सुरू होतं. सात वेळा लिहिलं, सात वेळा खोडलं. पुढे काय ते गाडीत, आठच्या आत.